शर्यतीला साडू हवा

आमच्या हिच्या मामांइतका भांडखोर माणूस खाडीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही, आणि सापडलाच तर मामा दुसऱ्या दिवशी सकाळी हातातला चहा टाकून त्याच्याशी भांडायला जातील. जन्म उरणकडच्या कोळ्याच्या घरातला, मुक्काम आता पनवेलला तिसऱ्या मजल्यावर. वेड मात्र एकच, मॅच रेसिंगचं. म्हणजे शिडाच्या होड्यांची शर्यत, पण एका वेळी दोनच होड्यांची. तिची म्हणे जगभर फिरणारी मालिका असते, आज या देशात, पुढच्या महिन्यात त्या देशात, आणि मामा टीव्हीसमोर लुंगी खोचून सगळीकडे हजर. इंग्रजी बोलणाऱ्याचा आवाज बंद करून ते स्वतःच आम्हाला शर्यत सांगतात. "पन्नास होड्यांच्या गर्दीत पयला आला त्याचं काय कवतिक? पुढचा बुडला म्हनून बी येतो मानूस. एकाशी एक ये, मंग बगू!"

इथवर कुणाची हरकत नव्हती. पण मामांनी त्या शर्यतीचे कायदे पनवेलला लावले. उजवीकडून वारा घेणाऱ्या होडीला दुसरीनं वाट द्यायची, असा एक कायदा आहे. तेव्हापासून मामा भर बाजारात बोट ओलं करून वारा बघतात आणि खुशाल रस्ता ओलांडतात. एकदा एक रिक्षावाला करवादला, तर त्यालाच म्हणाले, "वारा माझ्या उजवीकडून हाय, तू वळव!" सुरुवातीची शिट्टी व्हायच्या आधी दोन्ही होड्या एकमेकींभोवती घिरट्या घालून समोरच्याला चुकायला लावतात. मामा हे मच्छी मार्केटात करतात. खारघरच्या एका सद्‌गृहस्थाचा डोळा त्यांच्या सुरमईवर होता, मामा त्याच्याभोवती इतके फिरले की तो बिचारा बांगडे घेऊन पळाला. आणि चुकलेल्या होडीला दंड म्हणून जागच्या जागी एक गिरकी घ्यावी लागते. मामींचं नवं पातेलं करपवल्यावर मामांनी ओट्यासमोर स्वतःभोवती गिरकी घेतली आणि जाहीर केलं, "झाला दंड. आता इषय काढायचा नाय."

सोसायटीतले लोक हसतात. हसू देत की! त्यांच्यातल्या एकानं तरी आयुष्यात कुणाशी समोरासमोर पंगा घेतलाय का? मीटिंगमध्ये माना डोलावतात आणि लिफ्टमध्ये चेअरमनला शिव्या घालतात. मला विचाराल तर त्या सगळ्यांपेक्षा आमचे मामा बरे.

मामांची स्वतःची मॅच वर्षातून एकदाच. खाडीवर बिनइंजिनाच्या, शिडाच्या अशा दोनच होड्या उरल्या होत्या, एक मामांची आणि दुसरी त्यांच्या साडूंची. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की दुसऱ्या दिवशी दोघं भिडायचे, साडू व्हायच्याही आधीपासून, अगदी मिसरूड फुटल्यापासून. हरलेल्यानं जिंकलेल्याच्या घरी जेवायला जायचं आणि त्याच्या फुशारक्या ऐकत पापलेट गिळायचं, अशी रीत. दोघंही वर्षभर त्या एका दिवसासाठी जगायचे.

यंदा पौर्णिमा तोंडावर आली आणि कळलं, साडूंनी होडी विकली. आपटा गावाजवळच्या कुठल्याशा रिसॉर्टनं घेतली, सॅलड मांडायला.

मामा ताडकन उठले. "आता मी कोनाशी भिडू? एकट्यानंच पयला येऊ? गाडी काढा, जावई!"

रिसॉर्टच्या हिरवळीवर ती होडी उभी, आणि आत काकडी, बीट, मोड आलेली मटकी. मामांनी चपला काढल्या आणि सरळ काकड्यांमध्ये जाऊन बसले. मॅनेजर धावत आला, "काका, प्लीज, गेस्ट जेवतायत."

"या होडीनं मला किती वेळा हरवलंय, म्हाईत हाय का तुमाला? आनि हिच्यात कांदा कापता?"

ते उठायला तयार नव्हते. मग चाचपता चाचपता त्यांचा हात तळाला गेला. पाणी निघून जावं म्हणून तिथं पाइपाएवढं भोक पाडलं होतं. ती आता कधीच तरंगणार नव्हती. मामा बराच वेळ त्या भोकावर तळवा ठेवून बसले. मग उतरले, होडीच्या पाया पडले आणि म्हणाले, "साडूकडं चला."

साडूंच्या दारातूनच त्यांनी तोफ डागली. "मला भ्यालास ना? भ्यालास म्हनून इकलीस!"

साडूंनी उजवा हात नुसता पुढे केला. तो लटलट कापत होता. "शिडाची दोरी धरवत नाय रं. तुज्यासमोर हातातून सुटली असती तर? त्यापरीस इकलेली बरी."

मला वाटलं, आता मामा विरघळतील. छे! ते आणखीच भडकले. "आनि मला सांगायला तोंड नवतं? दोरी मी वढतो. सुकाणू डाव्या हातानं जमंल का?"

"जमंल. पन भिडायचं कोनाशी?"

"भेटंल कोनी तरी. खाडी काय ओस पडली नाय."

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मामांच्या होडीत दोघं बसले, आणि वजन म्हणून मी. थोड्या वेळानं मागून एक मालवाहू बार्ज धडधडत आला, आमच्या इमारतीएवढा. मामा उभे राहून ओरडले, "वारा आमच्या उजवीकडून हाय! वाट दे!" साडूंनी होडी त्याच्या बाजूला घातली. पाचपन्नास हात आम्ही खरंच बरोबरीनं गेलो, देवाशप्पथ! मग तो निघून गेला. आपण शर्यतीत होतो हे त्याला कळलंही नसेल. त्याच्या लाटेनं आम्ही तिघंही नखशिखांत भिजलो.

मामा त्याच्या पाठीकडे बघत राहिले. "हरलो," ते म्हणाले.

"मी नाय. शीड तुज्याकडं हुतं," साडू म्हणाले.

"गप. दोगं बी हरलो."

साडू हसता हसता रडायला लागले. मामांनी साडूंचा तो कापरा हात ओढून दोरीवर आपल्या हाताखाली दाबून धरला आणि खेकसले, "रडतोस काय? फिरव. मागून दुसरा येतोय."