लेकीच्या नावाचं खातं

संगणकाची सिस्टिम नवीन करून घ्या, अशी सूचना रोज यायची आणि रोज मी ती धुडकावायची. शेवटी एका सकाळी वैतागून हो म्हटलं आणि पस्तावले.

पडद्यावर नेहमीसारखी दोन नावं आली, माझं आणि लेकीचं. हैदराबादला नोकरी लागली तेव्हा ती हा संगणक मला ठेवून गेली. माझ्या खात्यात मी विहारातल्या कार्यक्रमांच्या पत्रिका टाइप करते. तिच्या खात्यात माझं काहीच काम नसतं, तरी रोज एकदा ते उघडते. तिने काढलेला तलावाचा फोटो आणि त्यावर वाटेल तशा टाकलेल्या फाईली. खोलीही अशीच ठेवायची पोरगी. थोडा वेळ बघते नि बंद करते. तिला हे कधी सांगितलं नाही. हसेल.

त्या दिवशी उघडलं तर नुसता निळा पडदा. कोपऱ्यात लिहिलेलं, हे तात्पुरतं प्रोफाइल आहे, इथे केलेलं काही राहणार नाही.

लेकीला फोन लावला. ती घाईत होती. "आई, काहून टेन्शन घेऊन राहिली? उडवून टाक ते. मले नाही लागत त्यातलं काही."

फोन ठेवल्यावर मला रडू आलं, आणि रडू आलं याचाच राग आला.

मोहाडीचा दुरुस्तीवाला आठवडी बाजार उलटल्यावर आला. फाईली शाबूत आहेत म्हणाला, प्रोफाइल तेवढं बिघडलं. नवीन खातं काढून त्यात जुनं सगळं उतरवावं लागेल.

"पन मॅडम, या खात्यात बसते कोन?"

"कोणीच नाही."

"मंग कायले बनवता जी? काढूनच टाकतो. तुमचं एकटीचं राहिलं तर कम्प्युटर कोन आहे म्हनून विचारनारबी नाही, सरळ चालू होईल."

"विचारू दे," मी म्हणाले. जरा जोरातच. तो कामाला लागला.

खातं झालं, नाव तिचंच दिलं. तलावाचा फोटो मी शोधून परत लावला. फाईलीही सगळ्या आल्या, पण एकीखाली एक, शहाण्यासारख्या रांगेत. तिच्या वाटतच नव्हत्या.

तो गेल्यावर मी त्या एकेक ओढून विस्कटायला बसले. रोज बघत होते, तरी कुठली कुठे होती ते आठवेना.