माझ्या शेजाऱ्याचं रशियन

कॅनडातल्या एटोबिकोच्या आमच्या कंडो इमारतीत तो माझ्या समोरच्या दारात वीसेक वर्षं राहिला. सोमाली, उंच, मितभाषी. विमानतळाच्या पार्किंग लॉटवर नोकरी करून त्यानं एकुलत्या मुलीला फार्मसिस्ट केलं. तरुणपणी तो सोमालियाच्या तोफखान्यात अधिकारी होता हे मला फार उशिरा कळलं. मी कॅनडात येण्याआधी भिलाईच्या पोलाद कारखान्यात होतो. तिथल्या रशियन इंजिनिअरांकडून 'सावकाश', 'गरम आहे', 'थांब' एवढंच शिकलो होतो. एकदा लिफ्टचं दार मिटत असताना माझ्या तोंडून 'स्तोय' निघालं, थांब. तो वळून माझ्याकडे बघतच राहिला.

मग हळूहळू सांगत गेला. देश नुकता स्वतंत्र झालेला, हातात काही नाही. रशियानं तोफा दिल्या, त्याला ओडेसाला नेऊन शिकवलं. पुढे शेजारच्या इथिओपियात क्रांती झाली आणि रशियाला तो मोठा देश जास्त सोयीचा वाटला. दोन्ही देशांत लढाई जुंपली तेव्हा ज्यांनी याला शिकवलं तेच सल्लागार सामान बांधून गेले आणि समोरच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मग अमेरिका आली, ती रशियाशी वैर म्हणून. ते वैर संपल्यावर तीही निघून गेली, आणि देश कोसळला. "तुमच्याकडे रशियावाले कारखाना घेऊन आले, आमच्याकडे तोफा," तो एकदा म्हणाला. तोफा भारतालाही मिळाल्या होत्या.

गेल्या वर्षी त्याची स्मृती जाऊ लागली. मुलीची नोकरी, घरी बघणारं कुणी नाही, म्हणून त्याला केअर होममध्ये ठेवावं लागलं. इंग्रजी आधी गेलं. मुलीशी अधूनमधून सोमालीत बोलायचा, पण घाबरला की फक्त रशियन. दुपारी मी भेटायला गेलो की माझं मनगट घट्ट धरून रडवेल्या आवाजात तेच तेच बोलायचा. मुलगी विचारायची, अंकल, काय म्हणतायत बाबा? माझं कारखान्यातलं रशियन तिथे कुठे पुरणार?

तिथे युक्रेनची एक बाई काम करायची. तिच्या घरात लहानपणापासून रशियनच बोलत. पण रशियाशी लढाई सुरू झाली, मुलगा आघाडीवर गेला, तेव्हापासून तिनं ती भाषा टाकली होती. हा बोलू लागला की ती ताट ठेवून खोलीबाहेर जायची. शेवटी मुलीनं तिचे हात धरले. बोलू नका, पण निदान एकदा अर्थ तेवढा सांगा, म्हणाली.

बाई दाराशी उभी राहून ऐकत राहिली. मग खाली बघत इंग्रजीत म्हणाली, "ते त्यांच्या रशियन शिक्षकाशी बोलतायत. म्हणतायत, आमच्या तोफा कुठे आहेत हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच लावल्यात. समोरच्यांना सांगू नका. तिथे माझा भाऊ आहे."

मुलगी वडिलांच्या पलंगाशी जाऊन बसली. काका लढाईत गेला एवढंच तिला ठाऊक होतं. तिनं बाईला पुन्हा विनवलं. 'नाही सांगणार' एवढं त्यांना म्हणा, जरा शांत होतील. बाईनं नकारार्थी मान हलवली.

"माझा मुलगा आत्ता त्याच रशियाच्या तोफांसमोर आहे," ती म्हणाली. "त्या भाषेत मला कुणाला वचन देववत नाही."

म्हणून तिच्याकडून ते दोन शब्द विचारून मी कागदावर देवनागरीत लिहून घेतले आणि पलंगाशी वाकून त्याला वाचून दाखवले. नी स्काझू. त्यानं माझा चेहरा निरखून पाहिला, मनगट सोडलं आणि काहीतरी पुटपुटला. आम्ही न विचारताच बाईनं अर्थ सांगितला. "हे तुम्ही तेव्हाही म्हणाला होतात."

त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी तो शिक्षकच झालो. मला पाहिलं की पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करायचा. दोन आठवड्यांनी मुलीनं खाली मान घालून मला सांगितलं की तुम्ही येऊ नका. मी जाणं बंद केलं. बाईनंही कामाचा मजला बदलून घेतला.

फेब्रुवारीत तो गेला. मुलीचा फोन आला तेव्हा मी विचारलं, शेवटी काही बोलले का?

"बरंच बोलले," ती म्हणाली. "पण तिथे कुणाला रशियन येत नव्हतं."