तुरकरभाऊंच्या ऑस्करचे जंत

मत्स्यालयाच्या दुकानातला फिल्टर वेळच्या वेळी धुतला नाही तर गाळ साचतो. माझ्या दुकानात किस्सेही तसेच साचतात, फक्त ते धुऊन टाकायला जीव होत नाही. लाल-पिवळे शोभेचे मासे नेणारे लोक यात फारशी भर घालत नाहीत. मासा मेला की दुसरा नेतात, विषय संपला. किस्से देतात ते शिकारी मासे पाळणारे. गोंदियात यांची एक मंडळीच आहे. संध्याकाळी दुकानात जमतात, चहा माझा पितात आणि सल्ला एकमेकांचा घेतात.

*

कोहमाऱ्याचे गुप्ताजी घ्या. हायवेवर ढाबा आणि काउंटरशेजारी फ्लॉवरहॉर्न, म्हणजे कपाळावर टेंगूळ असलेला तापट मासा. ट्रकवाले येता-जाता त्याला काहीबाही भरवतात. एक दिवस गुप्ताजी आले. "भैया, मछली डाइटिंग कर रही है।"

मोबाइलवरचा व्हिडिओ पाहिला. पोट खपाटीला गेलेलं, घास तोंडात घेऊन थुंकतोय, आणि मागे पांढरी, दोऱ्यासारखी शी लोंबतेय. म्हटलं, "गुप्ताजी, याच्या पोटात जंत आहेत."

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. गुप्ताजींनी मागे वळून पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "धीरे बोलिए. ये खाना हमारे ही ढाबे का खाती है।"

*

मंडळीतलं मोठं प्रस्थ मात्र मुर्रीचे तुरकरभाऊ. घरची धानाची शेती, वर धान खरेदीचा व्यापार. त्यांचा मुलगा निखिल याने ऑस्कर जातीचा शिकारी मासा पाळला होता, चांगला ताटलीएवढा. निखिल नोकरीला हैदराबादला गेला आणि मासा बापाच्या गळ्यात पडला.

"पोरगा गेला, मासोळी ठेवून गेला," भाऊ सगळ्यांना सांगत. "उलटं झालं असतं त पुरलं असतं."

बोलायचे असं, पण लाड बघावेत तर भाऊंनीच केलेले. पाकिटातलं खाद्य त्यांना कमीपणाचं वाटे. "शिकारी हाय जी तो. दाणे टाकायले का कोंबडी हाय?" म्हणून हा माणूस मोटरसायकलला कॅन बांधून नवेगाव बांधच्या तलावातून जिवंत बारीक मासोळी आणायचा.

मी सांगून थकलो की तलावाच्या मासोळीबरोबर तिच्या पोटातले जंतही येतात.

"आमी जन्मभर तिथलीच मासोळी खाऊन राहिलो. आमाले काऊन नाही झालं काही?"

"तुम्ही शिजवून खाता, भाऊ."

भाऊंनी कॅनमध्ये डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "याले तिखट चालंल का?"

*

व्हायचं तेच झालं. ऑस्करने खाणं सोडलं. मंडळीने तात्काळ निदान केलं: एकाच्या मते पाणी थंड, दुसऱ्याच्या मते नजर. भाऊंच्या घरी वहिनींनी टाकीला लिंबू-मिरची बांधली. मी म्हटलं, या विद्वानांचं ऐकू नका, सकाळी त्याच्या शीचा फोटो काढून मला पाठवा.

भाऊंनी काढला, अगदी जवळून. आणि पाठवला नातेवाइकांच्या ग्रुपवर, सुविचारांच्या मधोमध. दोन आत्यांनी हात जोडले आणि एका काकांनी "अप्रतिम" लिहिलं.

पण त्या फोटोमुळे हैदराबादला बातमी कळली. एरवी निखिलचा फोन सणावारी यायचा. आता रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. पहिल्या दिवशी मी तिथेच होतो.

"बाबूजी, खाल्लं का?"

"हो रे बाप्पा. वरण-भात खाल्ला."

"तुम्ही नाही. ऑस्करनं."

भाऊंनी फोन टाकीकडे वळवला. मला त्या पोराचा राग आला, पण भाऊ मात्र हसत होते.

*

फोटोतली शी पांढरी, दोऱ्यासारखी, म्हणजे जंतच. आता औषध. भाऊ त्यांच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. जन्म गाई-म्हशींत गेलेला माणूस, पण त्याने नीट चौकशी केली, जंताचं औषध दिलं आणि सांगितलं की माशाचं वजन करून आणा, त्यावर मात्रा ठरवू.

काटा तर भाऊंच्या गोदामातच होता. बादलीचं वजन वजा केलं, ऑस्करचं निघालं, मात्रा ठरली. झिंग्याच्या खिम्यात कालवून औषध दिलं. काही फरक नाही. पुन्हा दिलं. पोट खपाटीला ते खपाटीलाच. डॉक्टर चक्रावला, मी चक्रावलो, मंडळीने औषध नकली ठरवलं.

शेवटी मीच विचारलं, "भाऊ, वजन बरोबर केलं होतं ना?"

"बराबर म्हणजे? एकदम नेट. ओलावा कापून."

"ओलावा कापून?"

"पाण्यातला माल ओलाच राहते ना जी," भाऊ म्हणाले. "ओल्या मालाचं वजन जसंच्या तसं कोणता यापारी धरते?"

*

मात्रा वाढवली, तसा खिमाही कडू झाला. ऑस्कर घास तोंडात घेऊन थुंकून द्यायचा. मी म्हटलं, दोन दिवस पूर्ण उपाशी ठेवा, भुकेला असला की गिळेल. वहिनींना ते पटेना. घरात कोणी उपाशी असताना त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. शेवटी मी त्यांच्या भाषेत समजावलं. "वहिनी, त्याचा उपास आहे असं समजा."

वहिनींना एकदम पटलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर टाकीच्या तळाशी भिजवलेला साबुदाणा.

*

पुढच्या खेपेला कडक उपास झाला आणि औषध पोटात गेलं. जंतांची अंडी औषधाला दाद देत नाहीत, म्हणून मध्ये खंड ठेवून पुन्हा दिलं. नवेगावची मासोळी कायमची बंद झाली. काही आठवड्यांनी मी मुर्रीला गेलो, तर ऑस्कर भाऊंच्या हातातून झिंगे ओढून घेत होता. पोट भरलेलं, शीचा रंग काळसर. मासा ठणठणीत झाला होता.

तेवढ्यात फोन वाजला. भाऊंनी आधी खांद्यावरचा दुपट्टा टाकीवर टाकला, मग फोन उचलला.

"बाबूजी, खाल्लं का त्यानं?"

"कुठचं रे बाप्पा," भाऊ म्हणाले. "आजबी पांढरीच हाय."

दुपट्ट्याखाली ऑस्करने आणखी झिंग्यासाठी काचेवर धडक मारली.

"आवाज कायचा आला?"

"तुही आई भांडे घासून राहिली."

वहिनी माझ्याशेजारीच बसल्या होत्या. त्या उठल्या आणि मोरीत जाऊन भांडी वाजवू लागल्या.

"दुकानवाले काका आहेत ना तिथं? त्यांना द्या."

भाऊंनी फोन माझ्या हातात दिला. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

"काका, खरं सांगा. बरा होईल ना?"

"लांबलेली केस आहे," मी म्हटलं. "दिवाळीत येऊन तूच एकदा बघून जा."

फोन बंद झाला. भाऊंनी दुपट्टा काढला आणि ऑस्करला आणखी एक झिंगा दिला.