गुलालाची पावलं

लातूर जिल्हा होईपर्यंत पायात चप्पल घालायची नाही, असा पण माझ्या वडिलांनी केला होता. ऐकणाऱ्याला हसू येतं. मलाही येतं, पण ते फार पुढं जात नाही.

आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. गोलाईत, म्हणजे लातूरच्या भर बाजारपेठेत, आमचं भांड्यांचं दुकान होतं. मोठ्या दुष्काळात विहिरी आटल्या, तेव्हा गल्लीसाठी पाण्याचा टँकर मागायला अप्पा चार लोकांना घेऊन उस्मानाबादला खेटे घालायचे. तेव्हा आमचा जिल्हा तो. साहेब जागेवर नाहीत, उद्या या, हेच कचेरीतलं उत्तर. एकदा असेच हात हलवत परत आले, उंबऱ्यापाशी चपला काढल्या आणि म्हणाले, "लातूर जिल्हा झाल्याबिगर ह्या पुन्ना पायात घालत न्हाई."

अव्वा, म्हणजे माझी आई, चुलीपाशी भाकरी थापत होती. "तुमच्या तळपायाला भिऊन सरकार जिल्हा करणार हाय व्हय?" ती म्हणाली.

पण अप्पा हट्टाला पेटले की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. दुकानात, बाजारात, लग्नाला, मयतीला, सगळीकडं अनवाणी. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावरून ते उड्या मारत सावलीकडं पळायचे आणि आम्ही पोरं खिदळायचो. सोयरे चेष्टा करत, मग हळूहळू मान देऊ लागले. कुणाच्या घरी गेले की आधी पाय धुवायला पाणी यायचं आणि मग लोक वाकून पाया पडायचे. अप्पांना ते आवडायचं. का आवडू नये?

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात अप्पा डांबरावरून सावकाश चालायला लागले. चटका बसत नाही म्हणाले. गल्लीत लगेच बोलबाला झाला की तपश्चर्या फळाला आली, ही सिद्धेश्वराची कृपा. अव्वानं देवाला नारळ फोडला. त्याच सुमारास अप्पा तांब्या तांब्या पाणी प्यायचे आणि तरी जीभ कोरडी. अव्वानंच त्यांना ओढत डॉक्टरांकडं नेलं. मी बरोबर होते.

साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी अप्पांना डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची वात दोन्ही तळपायांवरून फिरवली.

"कळतंय का?"

"करा की सुरू," अप्पा म्हणाले.

वात फिरवून झाली होती. अव्वानं माझ्याकडं पाहिलं. देवाची कृपा म्हणून आम्ही जिच्यासाठी नारळ फोडला, ती पायांची गेलेली जाणीव होती.

डॉक्टर आधी चपलेवरूनच भांडले. अप्पा ऐकेनात, तेव्हा त्यांनी अव्वाला समोर बसवून एकेक गोष्ट सांगितली. ह्यांच्या पायाला काटा कळणार नाही, काच कळणार नाही, विस्तव कळणार नाही. तेव्हा ह्यांचे पाय तुम्ही व्हायचं. रोज कोमट पाण्यानं धुवायचे, पाणी किती गरम आहे ते तुमच्या कोपरानं बघायचं. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. तळपाय उजेडात धरून बघायचा. लहानसं काही दिसलं तरी त्याच दिवशी इकडं यायचं.

तेव्हापासून आमच्या घरी दिवेलागणीला एक नवीच पूजा सुरू झाली. अप्पा बाजेवर, अव्वा खाली पाटावर, मध्ये पितळी घंगाळ. ती आधी कोपर बुडवायची. धुऊन, पुसून, एकेक पाय मांडीवर घ्यायची आणि मी कंदील धरायची. बाभळीचे किती काटे तिनं सुईनं काढले असतील! अप्पा वर बसून दुकानातल्या गप्पा सांगत राहायचे, त्यांना पत्ताही नसायचा. शेवटी ती पायावर हलकी चापट मारायची आणि म्हणायची, "कुठं काय न्हाई."

ते ऐकलं की घरात ताटं वाढली जायची. इतकी वर्षं अनवाणी फिरूनही अप्पांचे दोन्ही पाय शाबूत राहिले ते त्या चापटीच्या जिवावर.

आणि मग जिल्हा झाला.

गोलाईत जत्रा लोटली. हलग्या, फटाके, गुलाल. आसपासच्या दुकानदारांनी अप्पांसाठी नवी करकरीत चप्पल आणली, तीही पितळी ताटात, हार आणि नारळासकट. नारळाशेजारी चप्पल बघून अव्वानं कपाळाला हात लावला, पण हसत होती. चार लोकांनी खाली बसून ती अप्पांच्या पायात घातली. अप्पा रडले. मी त्यांना रडताना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. त्या चपलेत ते मिरवणुकीत पुढं होऊन नाचत, चालत सगळं गाव फिरले.

दिवेलागणीला घरी आले ते नखशिखांत लाल. मी सवयीनं घंगाळ उचललं. अव्वा म्हणाली, "आज नको गं. इजयाचा गुलाल हाय, येऊ दे तसंच आत." तिनं ओवाळलं. अप्पांनी चप्पल उंबऱ्याबाहेर काढली आणि देवघरापर्यंत चालत गेले. शहाबादी फरशीवर लाल पावलं उमटली. आम्ही सगळ्यांनी कौतुकानं पाहिली.

दुसऱ्या दिवशी घंगाळ निघालं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. "आता पायात चप्पल आली, आता काय बघायचं?" अप्पा म्हणाले. अव्वालाही ते पटलं. डॉक्टरांनी सगळं भांडण चपलेसाठीच तर केलं होतं. तळपाय बघायचे ते अनवाणी माणसाचे, अशी आमच्या घराची समजूत. त्यात कुणाचं काय चुकलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही, आणि तरी त्या मिरवणुकीचा, त्या हलग्यांचा मला आजही राग येतो.

फरशीवरची डाव्या पायाची पावलं झाडूनं निघून गेली. उजव्या पायाची राहिली. पुसलं तरी फिकट डाग उरायचाच. अव्वाला त्यात शकुन दिसला. तिनं पुसणं बंद केलं. रोज सकाळी देवपूजा झाली की त्या उजव्या पावलांना ती हळदकुंकू लावायची, जास्वंद असली तर एखादं फूल ठेवायची.

पुढच्या आठवड्यात अप्पांना हुडहुडी भरून ताप आला. अव्वा पांघरूण घालायला पायांशी गेली आणि तशीच उभी राहिली. वास येत होता. तिनं उजवा पाय उचलून मांडीवर घेतला.

नव्या चपलेच्या टाचेत एक बारीक खिळा वर आला होता. मिरवणूकभर तो टाचेत रुतत होता आणि अप्पा नाचत होते. नंतर तीच चप्पल घालून ते रोज दुकानात जात राहिले.

सोलापूरला न्या, असं पाहुणे म्हणाले. अप्पा तापात होते तरी म्हणाले, "आपला जिल्हा झालाय न्हवं? हितंच काय ते करा." इथल्या डॉक्टरांनी शिकस्त केली. पण विष वर चढलं होतं. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दवाखान्याच्या व्हरांड्यात अव्वा माझा हात धरून एकच वाक्य म्हणत होती, "मी रगताची पूजा केली गं. रगताची पूजा केली."

घरी आल्यावर तिनं ती फरशी विटेनं घासली. हातांची सालटं निघाली तरी थांबेना. अप्पा बाजेवरून बघत होते. शेवटी म्हणाले, "बस कर. घंगाळ आण. आता एकच हाय, तुला काम कमी."

त्या दिवसापासून एक संध्याकाळ चुकली नाही. कोपर, कोमट पाणी, बेचक्या, उजेड. चप्पलही ती रोज उलटी करून आपटायची आणि आत हात फिरवायची. कंदील जाऊन बल्ब आला, माझं लग्न झालं, तिला चष्मा लागला. मी माहेरी आले की मला म्हणायची, "तू बी एकडाव बघ गं, माझे डोळे गेले." मी बघायची. डावा पाय लहान पोराच्या पायासारखा जपलेला होता.

अप्पा गेले ते वयानं गेले. आमच्यात माणसाला बसवून मूठमाती देतात. त्याआधी अंघोळ घालायची, तेव्हा अव्वा म्हणाली, पाय मीच धुणार. कुणी अडवलं नाही. घंगाळ आणलं. तिनं पाण्यात आधी कोपर बुडवलं. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. तिनं पाय धुतला, बेचक्या पुसल्या, तळपाय दाराच्या उजेडाकडं वळवून चष्म्याजवळ नेला आणि बराच वेळ पाहिलं. मग हलकी चापट मारली.

"कुठं काय न्हाई," ती म्हणाली, आणि मग तिला उचलायला आम्हा तिघीचौघींना यावं लागलं.