शिळं पाणी

साठ सालच्या सुमारास, नवी नवरी असताना, मी एक मूर्खपणा रोज नेमानं करायची. हंड्यातलं कालचं पाणी शिळं म्हणून अंगणात ओतून द्यायची. माहेरचं वळण मिरवायला नको?

यवतमाळच्या नव्या वस्तीत आम्ही घरं बांधली, खोल विहिरी खणल्या आणि पलीकडच्या तांड्याची विहीर आटली. तिथली एक बाई दूरच्या नाल्यावर जाताना आमच्या फाटकाशी थांबायची, पदरानं घाम पुसायची, डोक्यावरच्या रिकाम्या घागरी सावरायची. मला वाटायचं, माझी नवी साडीच बघते!

एकदा मी हंडा कलंडवताच तिनं घागर पुढे केली.

"अगं, शिळं आहे ते," मी शहाणपणानं म्हटलं.

ती रागावली नाही. म्हणाली, "बाई, शिळी भाकर खातोच नं आमी. शिळं पानी कायले नाई चालनार?"