अर्थहीन उच्चार

कोथिंबिरीच्या चित्राकडे बघून आई ‘सांबार’ म्हणाली आणि तपासणीच्या कागदावर तिच्या नावापुढे फुली बसली. त्याला आता वर्ष होत आलं. ती फुली आठवली की माझ्या मस्तकात अजून तिडीक जाते.

आमच्या वाशिम जिल्ह्यातच काय, साऱ्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आईने आसेगावच्या घरामागे वाफे करून जन्मभर सांबार लावला आणि आठवडी बाजारात त्याच्या जुड्या विकल्या. इडलीसोबतचं सांबार तिने एखाद्या लग्नात चाखलं असेल तेवढंच.

एका सकाळी चहा पिताना तिच्या उजव्या हातातून कपबशी पडली. काहीतरी सांगायला म्हणून तिने तोंड उघडलं, तर आवाज निघत होता आणि शब्द होत नव्हता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली आहे. कान चांगले आहेत, पण कानावर पडलेल्या आवाजातून शब्द वेगळा काढायचा, त्याचा अर्थ लावायचा, आपला शब्द शोधून जिभेवर आणायचा, ही सगळी कामं त्या बाजूला चालतात. यातलं काय बिघडलं आणि काय शाबूत आहे, ते तपासावं लागेल. घरी आल्यावर तिला ‘पाणी’ म्हणायला मिनिटभर लागायचं, आणि त्रिशरण-पंचशील मात्र ती न अडखळता म्हणायची. लहानपणापासून पाठ झालेलं वेगळ्या वाटेने येतं, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या भावाला ते पटेना. ही नाटक तर करत नाही ना, असं तो मला बाजूला घेऊन विचारत होता. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तपासणी वाशिमला एका खाजगी दवाखान्यात झाली. तिथे आठवड्यातून एकदा पुण्याकडची एक तरुण वाचातज्ज्ञ यायची. मुलगी सालस होती, आईला ‘आजी, आजी’ करत होती. नातेवाइकांनी बाहेर बसायचं, असा नियम होता. दार अर्धवट उघडं असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. तिने पेरूचं चित्र दाखवलं. आई अडखळत ‘जाम’ म्हणाली; आमच्याकडे पेरूला जामच म्हणतात. मग कोथिंबीर आणि सांबार. मग आपले ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरून तिने विचारलं, “माळ, माय. सारखं की वेगळं?” आईने सारखं म्हणून सांगितलं.

सारखंच सांगणार. आमच्या बोलीत ळचा य होतो. डोळ्याचा डोया होतो, शाळेची शाया होते आणि गळ्यातली माळसुद्धा मायच असते. जो फरक पाळण्यापासून कधी कानावर पडलाच नाही, तो ओळखायला मेंदू शिकेल तरी कशाला? ऐकायचं कसं हे तो आजूबाजूच्या माणसांकडूनच शिकतो, हे त्या मुलीला मी सांगायची गरज नसावी. पण बाहेरच्या बाकावर बसून मीही तोंडातून चकार शब्द काढला नाही. तपासणी चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं. मी रिसोडच्या एका शाळेत मराठी शिकवते.

आठवड्याने अहवाल हातात पडला. वस्तूंची नावे चुकीची. ध्वनींमधला भेद ओळखत नाही. बोललेले समजण्याची क्षमता फारच कमी. आणि खाली एक ओळ: अर्थहीन उच्चार, ‘कयते’, वारंवार.

कयते म्हणजे कळतं. ती म्हातारी त्या खोलीत जीव तोडून सांगत होती की मला कळतं, आणि तिच्यासमोरच्या शिकल्यासवरल्या मुलीने ते अर्थहीन म्हणून लिहून घेतलं होतं. मी तो कागद चुरगाळला आणि पुन्हा सरळ केला, कारण पुढच्या वेळी तो दाखवावा लागणार होता.

घरात त्या कागदाचा भलताच वापर झाला. आई खाटेवर बसलेली असताना भाऊ आणि वहिनी तिच्यासमोरच बोलायला लागले की मागचे वाफे मोडून तिथे मोटारसायकलसाठी पत्रे टाकू. मी भावाला म्हटलं, निदान तिला विचार.

“तिले काय इचारतं?” तो म्हणाला. “काई समजत नाई आता. रिपोटात लिवलं हाये.”

आई “नोको, नोको” करत होती. डावा हात खाटेवर आपटत होती. वहिनीला वाटलं तिला लघवीला जायचंय. तिला उठवून न्हाणीत नेलं. परत आल्यावर आई भिंतीकडे तोंड करून निजली. मी भावाला नको ते बोलले. ती माणूस आहे की सामान, असं विचारलं. तो म्हणाला, तू रिसोडला राहते, तुला काय जातं बोलायला. त्याचंही खोटं नव्हतं, म्हणून जास्तच राग आला.

पण माझा सगळ्यात मोठा राग तेव्हाही भावावर नव्हता आणि त्या मुलीवरही नव्हता. काही वर्षांपूर्वी आई माझ्याकडे रिसोडला राहायला आली होती. शाळेतल्या तीन-चार बाया चहाला आल्या. आईने हौसेने पोहे केले आणि दारात येऊन विचारलं, वरून सांबार टाकू का? नाशिककडची एक बाई खो-खो हसली, पोह्यांवर सांबार म्हणून. सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या गेल्यावर आईला म्हटलं, “लोकांसमोर सांबार म्हणत जाऊ नकोस. कोथिंबीर म्हण, नाहीतर बोलूच नकोस.” हे मी शुद्ध मराठीत म्हटलं. तिने पोह्याच्या ताटल्या उचलल्या आणि विसळायला घेतल्या. त्यानंतर माझ्याकडे कुणी आलं की ती स्वयंपाकघरात बसायची. मला वाटायचं, तिला माणसांची सवय नाही.

पुढच्या तपासणीला मी बाहेर बसले नाही. अहवाल टेबलावर ठेवला, कयतेच्या ओळीवर बोट ठेवलं आणि अर्थ सांगितला. आवाज चढला होता माझा. ती मुलगी पांढरीफटक पडली. चित्रं छापील आहेत, उत्तरंही छापून आलेली आहेत, पण मी विचारायला हवं होतं, म्हणाली. मग तिने कोरा कागद घेतला, मला आईशेजारी बसवलं आणि चित्रं पुन्हा बाहेर काढली.

जाम लगेच आला. मिठू आला, म्हणजे पोपट. मग कोथिंबिरीचं चित्र समोर आलं. आईने चित्र पाहिलं आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलायला लागले. “को… कोथ…” कपाळावर घाम आला. तो शब्द तिच्या तोंडात कधी बसलाच नव्हता आणि ती तो माझ्यासाठी ओढून आणत होती.

“माय,” मी म्हटलं, “सांबार म्हन ना.”

तिने नाही म्हणून मान हलवली. बराच वेळ शब्द जुळवत राहिली. मग एकेक करून म्हणाली, “तूच तं… नोको… म्हन्लं.”

त्या मुलीने पेन उचलून माझ्याकडे पाहिलं. काय म्हणाल्या, असं तिने विचारलं. यावेळी एक अक्षर चुकू द्यायचं नव्हतं तिला.

“मीच तिला नको म्हटलं होतं, असं म्हणते.”

“काय नको?”

“बोलायला,” मी म्हटलं. तिने ते लिहून घेतलं.