एनोराची सुट्टी साच्यात गेली

माझी मुलगी एनोरा नांत शहरात एका छोट्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. मी जन्मभर सार्डिन माशांचे डबे भरले, शाळा बेताचीच. तिच्याकडून ऐकून ऐकून जेवढं कळलं तेवढं सांगते.

पाणीखात्याच्या लोकांना नळांचे नकाशे काढायला ती एक साधन बनवते. चौकोन ठेवायचा, पाणी जातं तिकडे बाण ओढायचा. त्या साधनाचा कोड यंत्रच लिहितं. पण यंत्राला सगळं कुठलं जमायला? एनोरा मागून हाताने दुरुस्त्या करते आणि प्रत्येकीच्या डोक्यावर खूण लिहिते : हे माझं, हात लावू नकोस. खूण नसली, की पुढच्या वेळी यंत्र तिथे आपलंच पुन्हा लिहितं. सगळं मुसळ केरात.

गेल्या ऑगस्टची सुट्टी अशाच कामात बुडाली. यंदा शनिवारी आम्ही दोघी पोर्निकला समुद्रावर निघणार होतो. गुरुवारी ती माझ्याकडे जेवायला आली, आणि तिच्या साहेबाचा, तांगीचा, फोन. तिने तो टेबलावरच ठेवून स्पीकरवर लावला.

"एनोरा, नळाच्या झडपेचे बाण परत उलटे जातायत! काय केलंस?"

"नवा चौकोन घातला, कोड पुन्हा काढला. झडपेची दुरुस्ती तुझी होती ना? खूण घातलीस?"

"घाईत होतो गं."

"मग गेली ती."

"लिही ना परत. दुपारभराचं काम, मग जा खुशाल."

"दर वेळी दुपारभराचंच असतं, तांगी. यंत्र ज्या साच्यातून लिहितं, तो साचाच बदलते. मग खूण विसरली तरी बिघडणार नाही."

"त्यात तुझी सुट्टी जाईल."

"जाऊ दे."

मला राहवलं नाही. "अगं, दुपारभराचं करून चल की! साचा काय पळून जातोय?"

"आई, नाहीतर पुढच्या ऑगस्टलाही तू बॅग भरून बसशील."

शनिवारी मी एकटीच गेले. ती आली तेव्हा सुट्टी संपत आली होती. डोळे खोल गेलेले. वाळूत धपकन बसली.

"झालं?"

"झालं. कोड पुन्हापुन्हा काढून बघितला. बाण सरळच."

"तांगी काय म्हणाला?"

"म्हणाला, छान. परत आलीस की बाकीच्या दुरुस्त्याही साच्यात घाल."

"मेला!" मी म्हटलं.

ती हसली, आणि बुटांसकट तिथेच झोपली. मी माझी टोपी तिच्या तोंडावर ठेवली.